अल दंतेचा खरा अर्थ

मी मेनूकार्ड बोलतोय. खरं सांगायचं तर मेनूकार्डाचा एक तुकडा बोलतोय. तळहाताएवढा, गोल, कात्रीने कापलेला. बाकीचा मी कुठे गेलो आणि एवढाच तुकडा एका पाण्याच्या पेल्यावर झाकण होऊन कसा बसलाय, तेच सांगायचं आहे. घाईत असाल तर राहू दे. माझ्यासमोर घाईघाईने बसलेल्यांची फजिती मी पुष्कळ पाहिली आहे.

एके काळी मी चांगला ऐसपैस होतो. जाड कागद, मधोमध घडी, वरून चकचकीत लॅमिनेशन. पाणी सांडो, सॉस सांडो, फडकं फिरवलं की मी पुन्हा नवा. त्या लॅमिनेशनचा मला गर्व होता, आणि अजूनही थोडा आहे.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. इटालियन हॉटेल काढणारे शेफ स्वतः कॉम्प्युटरवाल्याच्या खुर्चीला खुर्ची लावून बसले होते आणि एकेक नाव सांगत होते.

"लिहा, ग्नोकी. पण वाचायचं न्योकी."

"मग ग कशाला?"

"तो बोलायचा नाही."

"बोलायचा नाही तर लिहायचा कशाला?"

 शेफ पुढच्या नावावर गेले. फार्फाल्ले म्हणजे फुलपाखरं, ओरेक्येत्ते म्हणजे छोटे छोटे कान, लिंग्विने म्हणजे इवल्या जिभा, आराबियाता म्हणजे रागावलेली, कारण तिच्यात मिरची. शेफ अर्थ सांगत होते आणि मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर आकार घेता घेता ऐकत होतो. म्हणून तर मला सगळे पाठ आहेत.

"हे अर्थ बाजूला घालू का? लोकांना कळेल तरी," कॉम्प्युटरवाल्याने विचारलं.

"छे, छे! अर्थ सांगितला की गंमत गेली. माणसाने नाव वाचावं आणि स्वप्नात हरवून जावं."

"भुकेला माणूस कसला हरवतोय साहेब," असं पुटपुटत त्याने माझ्या तळाला शेवटची ओळ टाकली. शेफनी सांगितलं होतं 'अल देन्ते'. त्याला ते चुकल्यासारखं वाटलं. त्याने आपल्या अकलेने शुद्ध केलं. ओळ झाली : 'मागणीनुसार सर्व प्रकार अल दंते मिळतील.' शेफ तेव्हा फोनवर भाजीवाल्याशी हुज्जत घालत होते. त्यांनी नुसती मान हलवली, आणि मी छापला गेलो.

हॉटेलात आलो आणि माणसं जवळून पाहायला मिळाली. मला उघडलं की भल्याभल्यांचा आवाज खाली यायचा. दारातून गडगडत येणारा माणूस 'तालियातेल्ले'पाशी आला की देवळात आल्यासारखा कुजबुजायचा. काही जण नाव उच्चारायचंच नाही असं ठरवून यायचे, माझ्या अंगावर बोट टेकवायचे आणि म्हणायचे, "हे. हे एक आणा." बोट कधीकधी घसरायचं आणि समोर काहीतरी भलतंच यायचं. पण माणसं ते निमूट खायची. आपण मागवलं ते हे नव्हे, हे सांगायचं तर आपण काय मागवलं त्याचं नाव घ्यावं लागलं असतं ना!

एकाने तर वेटरला सरळ विचारलं होतं, "फुसिली, पेने, रिगातोनी... यांत फरक काय?"

आमच्या वेटरला सगळे मिशीवाला म्हणायचे. तो फार खरं बोलायचा. म्हणाला, "पीठ एकच साहेब. एक पिळलेलं, एक तिरकं कापलेलं, एक पन्हळीच्या पाइपासारखं."

शेफनी ते ऐकलं आणि दिवसभर त्याच्याशी बोलले नाहीत.

शेफचं खरं दुःख वेगळंच होतं. अल दंते म्हणजे, पास्ता पुरता गाळ करायचा नाही. आत किंचित कणखर ठेवायचा, चावताना दाताला कळला पाहिजे. पण ते काढायचे तसा आणि लोक परत पाठवायचे. "कच्चा राहिलाय हो. अजून दोन उकळ्या येऊ द्या." शेफ ती प्लेट घ्यायचे, पास्ता पुन्हा पातेल्यात टाकायचे आणि जवळचं कुणी गेल्यासारखे त्या वाफेकडे बघत उभे राहायचे. हॉटेल सुरू झाल्यापासून एकाही माणसाने आपल्या तोंडाने 'अल दंते' मागितलं नव्हतं.

आणि मग एका दुपारी मास्तर आले.

मास्तर म्हणजे शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, ताठ पाठ, हातात कापडी पिशवी. बरोबर त्यांची लेक होती. दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करायची, आणि बापाकडेही एक्स-रे काढल्यासारखीच बघत होती. आणखी कुणी यायच्या आत तिने घाईघाईने सांगून घेतलं, "बाबा, मऊ काहीतरी मागवा हं. नवी कवळी आहे. अजून बसलेली नाही नीट."

"हळू बोल!" मास्तर म्हणाले. "त्यांच्यासमोर कवळीचं नाव काढायचं नाही. आधीच त्यांना वाटत असेल, म्हातारा गळ्यात पडतोय."

भानगड अशी होती. लेकीचं लग्न ठरल्यात जमा होतं, पण तिची एक अट होती : बाबा माझ्याबरोबर राहतील, त्यांना मी एकटं टाकणार नाही. मुलगा लगेच हो म्हणाला होता. पण घर होतं त्याच्या आईचं. एक परका पुरुष कायमचा घरात घ्यायचा, तर आधी तो कसा आहे ते मी बघेन, असं त्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. मुलगा "आई, तू ठरव" म्हणून मोकळा झाला आणि कामावर निघून गेला. म्हणजे आजच्या जेवणावर सगळं होतं. मास्तर पसंत पडले तर लग्न, नाहीतर लेक हटून बसणार आणि बाप जन्मभर स्वतःला दोष देणार.

बाई आल्या. उंच, सडपातळ, बोलणं तुकडे पाडल्यासारखं. बसल्या बसल्या त्यांनी टोपलीतला टणक ब्रेड उचलला आणि कडाकड चावून खाल्ला. मास्तर त्या आवाजाकडे हेव्याने बघत राहिले.

मग बाईंनी माझ्या जोडीचं कार्ड उघडलं, वरून खालपर्यंत पाहिलं आणि मिटून ठेवलं. "मला यातलं ओ की ठो कळत नाही."

तेवढ्यावर मास्तर थांबते तर पुढचं काही घडलंच नसतं. पण आयुष्यभर शब्द फोडून दाखवलेल्या माणसाला समोर शब्द दिसला की राहवत नाही. शिवाय, आपण काही निकामी म्हातारे नाही, हे दाखवायचं होतंच. त्यांनी मला दोन्ही हातांत धरलं.

"सोपं आहे हो. शब्दाच्या मुळाशी जायचं. आता हे बघा, 'अल्यो ए ओल्यो'. अल्यो म्हणजे आलं, ओल्यो म्हणजे ओलं. ओल्या आल्याचा पदार्थ."

लसूण आणि तेल हो मास्तर, लसूण आणि तेल! मी लॅमिनेशनच्या आतून ओरडलो. पण कार्डाचं ऐकतो कोण.

"आराबियाता, हा अरबांकडून आलेला दिसतो. कार्बोनारा, कोळशावर भाजलेलं. आणि हे लिंग्विने..." मास्तर जरा अडखळले. "हे व्याकरणातलं असावं. लिंग, वचन, विभक्ती..."

"खायला व्याकरण देतात?" बाईंनी विचारलं.

लेकीने टेबलाखालून बापाचा पाय दाबला. मास्तरांना वाटलं, शाबासकी आहे. ते आणखी फुलले. प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्यांच्या तोंडात बारीक 'टक' असा आवाज व्हायचा. मला तो ऐकू येत होता, कारण मी त्यांच्या हनुवटीपाशीच होतो. बाई मात्र मान थोडी तिरकी करून काहीतरी लक्ष देऊन ऐकत होत्या. काय ते मला तेव्हा कळलं नाही.

वाचता वाचता मास्तर माझ्या तळाशी पोचले, आणि त्यांचा चेहरा उजळला. अल दंते! मी त्यांच्या डोळ्यांत ती फोड होताना पाहिली. अल म्हणजे अल्प. दंते म्हणजे दात. अल्प दात असलेल्यांसाठी खास मऊ शिजवून मिळेल! काय थोर माणसं ही, म्हाताऱ्यांची केवढी काळजी, आणि तीही कशी झाकून, परक्या भाषेत. कुणाला पत्ता लागायला नको.

मिशीवाला आला तेव्हा मास्तर ऐटीत म्हणाले, "रिगातोनी. अल दंते."

मिशीवाल्याची पेन्सिल थबकली. "अल दंते? नक्की, सर?"

"अगदी पूर्ण अल दंते. जेवढं होईल तेवढं करा. हयगय नको."

मिशीवाला स्वयंपाकघराकडे जवळजवळ पळतच गेला. आतून शेफचा "काय सांगतोस!" असा आवाज आला आणि पाठोपाठ काहीतरी पडल्याचा. बाईंनीही "ह्यांना जे देताय तेच मलाही आणा" म्हणून सुटका करून घेतली. लेकीला तेवढ्यात मुलाचा फोन आला, "काय झालं? काय झालं?" ती बोलायला बाहेर रस्त्यावर गेली. जाताना तिने मास्तरांकडे असं पाहिलं, जसं आपण उतारावर लावलेल्या सायकलीकडे बघतो.

प्लेटा आल्या. शेफनी जीव ओतला होता. ती रिगातोनी अशी करकरीत होती की काट्याला दाद देईनात. मास्तरांनी निर्धास्तपणे एक तोंडात टाकलं आणि चावलं.

टक नाही झालं. खटाक झालं.

पन्हळीचा पाइप कवळीत घट्ट अडकला आणि वरची कवळी जागा सोडून खाली आली. मास्तरांनी मला झपकन उचलून तोंडासमोर धरलं. "गोड काय काय आहे बघतो" असं काहीसं ते बोलले, निदान तसा प्रयत्न केला. माझ्या आडोशाला त्यांनी कवळी काढली, पाइपासकट माझ्या घडीत ठेवली आणि मला मिटून मांडीवर घेतलं. आत्तापर्यंत माझ्यावर पुष्कळ काही सांडलं होतं. दात पहिल्यांदाच.

खरी पंचाईत आता सुरू झाली. मास्तरांनी वर्गात जन्मभर घोकून घेतलं होतं : त थ द ध न ल स, ही अक्षरं दंत्य. जीभ दातांना टेकल्याशिवाय ती निघत नाहीत. आणि दात तर माझ्या पोटात होते. यापुढे यांतलं एक जरी अक्षर तोंडातून गेलं तरी सगळं उघडं पडणार. मास्तरांनी घाम पुसला आणि ठरवलं : दंत्य अक्षर वापरायचंच नाही.

"आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे," बाई म्हणाल्या. "लिफ्ट नाही. जमेल तुम्हाला?"

मास्तरांना सांगायचं होतं, मी रोज तास तास चालतो, माझी तब्येत ठणठणीत आहे. त्यातलं बहुतेक दातांवाचून अडत होतं. ते म्हणाले, "पाय भक्कम!"

"आणि पहाटे लवकर उठता का?"

"केव्हाही!"

"दुपारी वेळ कसा घालवता?"

मास्तर विचारात पडले. वाचन, लेखन, संशोधन, सगळीकडे न आडवा. शेवटी मान उंचावून ते गरजले, "वाङ्मय!"

बाईंनी हातातला काटा खाली ठेवला. मघाशी चहूकडे शब्द उधळणारा माणूस आता तार पाठवल्यासारखा का बोलतोय, असं कुणालाही वाटलं असतं. तेवढ्यात मिशीवाला आला. "सर, कार्ड घेऊ परत?"

मास्तरांनी मला दोन्ही हातांनी दाबून धरलं. "राहू... घेऊ का घरी?"

"घरी? मेनूकार्ड?"

"हो!"

मिशीवाला एक पाऊल मागे सरला. पण त्याच्या मागोमाग साक्षात शेफ बाहेर आले. डोळ्यांत पाणी, हात ऍप्रनला पुसत.

"साहेब, किती वर्षं वाट पाहिली मी. पहिल्यांदा कुणीतरी अल दंते मागितलं! लोकांना काय, नुसता गाळ पाहिजे. अल दंते म्हणजे दाताला भिडलं पाहिजे, झुंज दिली पाहिजे! कमी दातांच्या माणसाचं कामच नव्हे ते. कसं झालंय?"

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. आपण फोड कुठे चुकलो ते त्यांना त्या क्षणी कळलं. "भारी," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"मग घ्या ना एक घास माझ्यासमोर. मला बघायचंय."

मास्तरांनी काटा उचलला.  मांडीवर मला त्यांचा घाम लागत होता. मला वाटलं, संपलं सगळं. लेकीचं लग्नही गेलं आणि मास्तरांची अब्रूही गेली. मी कार्ड असलो तरी त्या वेळी मला फार वाईट वाटलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी मास्तरांच्या हातातला काटा काढून घेतला आणि दोन्ही प्लेटा शेफसमोर सरकवल्या. "हे असलं टणक माझ्या दातांना सोसत नाही. दोन्ही परत न्या आणि पार मऊ करून आणा. बोटाने चेपलं तर चेपलं पाहिजे."

"पण ह्यांना तर..."

"मी एकटी मऊ खाऊ आणि हे माझ्यासमोर झुंज देत बसतील? न्या."

शेफनी दोन्ही प्लेटा उचलल्या आणि मान खाली घालून आत गेले. मी ब्रेडच्या टोपलीकडे पाहिलं. ती रिकामी होती. सगळा ब्रेड बाईंनी एकटीने फोडला होता.

बाई पुढे वाकल्या आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "कार्डात आहे ना?"

मास्तरांनी खाली माझ्याकडे पाहिलं.

"कोरडी ठेवू नका, तडा जातो. पाण्यात ठेवावी लागते." बाईंनी आपला पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला. "तुम्ही बोलायला लागलात तेव्हाच ऐकलं मी. टक, टक. आमच्या ह्यांची अश्शीच वाजायची. किती चिडायचे मी तेव्हा! जेवताना टक, पेपर वाचताना टक. हे गेले आणि घरातला तो आवाज गेला. आज तुम्ही ओलं आलं, ओलं आलं करत होतात ना, मला त्यातलं अक्षर कळलं नाही. मी नुसती टक ऐकत होते."

मास्तरांनी मान वर केली. मग त्यांनी सगळी व्याकरणं बाजूला ठेवली आणि बोलले. त निसटला, न निसटला, ल कुठल्या कुठे गेला, पण बोलले : "मला तुमच्या घरात ओझं होऊन यायचं नव्हतं."

"ओझं कसलं? मी तर नाहीच म्हणणार होते, ते निराळ्याच कारणाने. म्हटलं, या माणसाला सगळंच येतं. हा रोज मला चहाची व्युत्पत्ती सांगत बसेल." बाई हसल्या. "पण ज्याचं असं चुकतं, त्याच्याबरोबर राहता येईल. आमच्या बेसिनवर एक फळी आहे, ह्यांच्या पेल्याची. रिकामीच आहे ती."

लेक फोन संपवून आत आली तेव्हा तिने पाहिलं : बाप तोंडावर रुमाल धरून हसतोय, होणारी सासू डोळे पुसतेय आणि टेबलावरच्या ग्लासात कवळी पोहतेय, पाइपासकट. ती दारातच थांबली. "बाबा! काय झालं?"

"बरं झालं," मास्तर म्हणाले. त्यात एक ल होता. पण आता लपवायचं काही राहिलं नव्हतं.

मी मास्तरांच्या कापडी पिशवीतून घरी आलो. हॉटेलात माझ्या जागी नवी कार्डं आली, आणि त्यांच्यावर शेफनी प्रत्येक नावासमोर साध्या मराठीत अर्थ छापून घेतला, असं ऐकतो. लिफ्ट नसलेल्या त्या चौथ्या मजल्यावर लग्नानंतर सगळे एकत्र राहू लागले. एक दिवस कवळीच्या पेल्यात माशी पडली. बाईंनी कात्री घेतली, पेला माझ्या अंगावर उपडा ठेवला, पेन्सिलीने गोल काढला आणि मला कापलं. फार्फाल्ले गेले, लिंग्विने गेले, ओलं आलंही गेलं. उरली तळाची ओळ, तीही अर्धीच : 'अल दंते मिळतील'. मास्तरांनी ते वाचलं आणि खो खो हसत सुटले. म्हणाले, "बघा, फोड बरोबरच होती माझी."

तेव्हापासून मी इथेच आहे. रात्रभर दात सांभाळतो. लॅमिनेशनच्या कडा सुटायला लागल्यात आणि पाण्याची वाफ आत शिरून अक्षरं फुगत चाललीत. फार दिवस राहिलेले नाहीत माझे.

जाता जाता तुम्हाला एवढंच सांगतो. समोर अनोळखी शब्द आला तर त्यावर बोट ठेवून गप्प बसू नका, आणि मोठ्या तोऱ्याने फोडूनही दाखवू नका. सरळ विचारा, "म्हणजे काय हो?" विचारण्यात काही कमीपणा नाही.

आमच्या घरातही रोज सकाळी कुणीतरी विचारतं. बाई गॅसपाशी उभ्या असतात, आणि मला बाजूला सरकवणारा हात जरा उशिरा आला, की तिथूनच हाक येते, "अहो मास्तर, अजून टक ऐकू आली नाही. उठलात ना?"